डायरेक्ट केलेला ॲम्प्लिफायर

ॲम्प्लिफायर अजिबात बोलत नसेल तर तो दुरुस्त करणं सोपं असतं. आत कुठेतरी काहीतरी जळालेलं किंवा फुटलेलं सापडतं, ते बदललं की काम झालं. खरा छळ करतो तो ‘कधी चालतो, कधी नाही’ या जातीचा. गिऱ्हाइकाच्या घरी तो बंद पडतो आणि आमच्या टेबलावर आला की दिवसभर गातो. गिऱ्हाईक तावातावाने सांगत असतं की घरी हा चालत नाही, आणि आमच्या कानाशी तो मस्त वाजत असतो. अशा वेळी समोरचा माणूस खोटं बोलतोय असं वाटायला लागतं. सदतीस वर्षांत मला हे किती वेळा वाटलं आणि त्यातलं किती वेळा चुकीचं होतं, याचा विचार मी आता निवांतपणी करतो. निवृत्त माणसाला दुसरं काम काय.

पनवेलच्या जुन्या बाजारपेठेत माझं दुकान होतं. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. त्या काळी तिथे रेडिओपासून लग्नाच्या बँडवाल्यांच्या भोंग्यांपर्यंत सगळं यायचं, पण माझा जीव ॲम्प्लिफायरमध्ये. बाहेरच्या लोकांना हे प्रकरण काय असतं ते थोडक्यात सांगतो. टेप, रेडिओ, मोबाईल यांतून येणारा आवाज अगदी बारीक असतो. तो स्पीकरचा पडदा हलवू शकत नाही. त्याला बळ द्यायचं काम ॲम्प्लिफायर करतो, आणि बळ लावणारा कोणीही तापतो तसा तोही तापतो. आतल्या ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर जावी म्हणून ते ॲल्युमिनियमच्या एका जाड, उभ्या पात्यापात्यांच्या ठोकळ्यावर बसवलेले असतात. त्या ठोकळ्याला हवा लागली पाहिजे, म्हणून वरच्या पत्र्याला खाचा असतात. एवढं करूनही तो फार तापलाच तर ठोकळ्याला चिकटलेली एक बारकीशी बटणासारखी वस्तू आवाज तोडते. तिला आम्ही थर्मल म्हणतो. इस्त्री तापली की आपोआप बंद होते ना, तसंच.

तेव्हा ॲम्प्लिफायर तापून बंद पडत असेल तर तो बिघडलेला नसतोच. तो आपला जीव वाचवत असतो. कशापासून, हे आम्ही शोधायचं.

ओवे गावच्या एका शेठनी जमिनीचे पैसे आल्यावर बंगला बांधला आणि न्हाणीघरांसकट प्रत्येक खोलीत स्पीकर बसवून ते सगळे एकाच ॲम्प्लिफायरला जोडले. तो बिचारा पाच मिनिटांत तापून मान टाकायचा. ‘एका बैलाला सात नांगर जोडलेत तुम्ही,’ मी म्हणालो. ‘मंग आनखी एक बैल द्या,’ शेठ म्हणाले. दुसऱ्या एका नव्या कोऱ्या यंत्रात भाजलेली पाल निघाली होती. एक निवृत्त मुख्याध्यापक चार वेळा आपला ॲम्प्लिफायर घेऊन आले, त्यातून ‘हूं’ असा आवाज येतो म्हणून. पाचव्या वेळी त्यांच्या पत्नीने मला गुपचूप फोन करून सांगितलं की तो आवाज फ्रिजचा आहे, पण तुम्ही दुरुस्त केला म्हणून सांगा. मी तसं सांगितलं. मुख्याध्यापकांनी मला दुकानात येऊन शाबासकी दिली.

दुकानात एक पाटी होती, माझ्या हाताने रंगवलेली: ‘घरी येऊन बघितले जाणार नाही.’ तिचा मला फार अभिमान होता. घरी गेलं की लोक डोक्यावर उभे राहतात, जावई सल्ला देतो, चहा नको म्हटलं तर राग येतो आणि हवा तो पाना नेमका दुकानात राहिलेला असतो. टेबल, मीटर, दिवा, शांतता, हे सगळं माझ्यापाशी आहे, तर आजाऱ्यानेच दवाखान्यात यावं, असं माझं म्हणणं होतं. कोणी फार गळ घातली तर मी नुसतं पाटीकडे बोट दाखवायचो.

त्या पाटीने मला एकदा चांगलंच पोळलं. सगळं नीट झालं हे आधीच सांगून टाकतो. नीट झालं नसतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

पावसाळ्याचे दिवस होते. होड्या किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या, ताजी मासळी बंद, त्यामुळे बाजारात सुकटवाल्यांचं राज्य. एके दुपारी एक कोळीण दुकानात आली आणि डोक्यावरची पाटी धाडकन काउंटरवर टेकवली. वर निळं प्लास्टिक, आत जुनं लुगडं आणि लुगड्यात गुंडाळलेला एक जुना, वजनदार जपानी ॲम्प्लिफायर. वासाने दुकान भरून गेलं.

‘दादा, हात लावा जरा. मान मोरली माजी.’

‘मावशी, कुठून आणलात हा?’

‘मोऱ्यावरून, बसनी. आन मावशी कोनाला बोलता? तुमच्याहून धाकटी हाय मी.’

तिचं नाव हिराबाई. उरणच्या पुढे मोऱ्याच्या कोळीवाड्यात राहायची आणि पावसाळ्यात पनवेलच्या बाजारात सुकट विकायला बसायची. भाऊ जहाजावर नोकरीला होता, त्याने तो ॲम्प्लिफायर आणून दिलेला. बाजाराला सुट्टी असेल त्या दिवशी तिने घरी बसून बघितलं होतं: सकाळी लावला की दोन-अडीच तास छान वाजतो, मग ‘टक्’ असा आवाज करतो आणि गप्प बसतो. बटण बंद करून, थंड होऊ देऊन पुन्हा लावला की पुन्हा वाजतो.

मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले. स्पीकर किती? दोनच. आवाज मोठा असतो का? नाही, बेताचा. हवा लागते का? ‘खिडकीशी तर हाय. दर्याचा वारा येतो भसाभसा.’ त्यावर कापड, टेबलक्लॉथ काही घालता का?

‘कापड कशाला घालू? त्याला काय थंडी वाजतेय?’

तिची सगळी उत्तरं खरी होती, हे लक्षात ठेवा. प्रश्न माझे होते आणि ते आमच्या पनवेलच्या दिवाणखान्यांतून आलेले होते, जिथे ॲम्प्लिफायरवर विणलेला रुमाल आणि त्यावर पितळी हत्ती असतो.

दुकानाच्या मागे एक कट्टा होता. तिथे यंत्र उघडून मी ब्लोअरने आतली धूळ उडवायचो. हिराबाईचा ॲम्प्लिफायर उघडला आणि खाडीच्या वाऱ्याने जमते तशी खारट, चिकट धूळ भसकन बाहेर उडाली. ट्रान्झिस्टर आणि ठोकळा यांच्यामध्ये उष्णता पोचवणारी पांढरी पेस्ट लावलेली असते, ती वाळून खडू झालेली. ती काढून नवी लावली. चार तास चालवून बघितला. ठणठणीत. वास तेवढा जाईना, पण सुकटाच्या पाटीतून आलेल्या वस्तूला अत्तराचा वास कसा येणार?

आठ दिवसांनी ती परत आली. तीच पाटी, तेच लुगडं.

‘दादा, तसंच करतोय.’

या वेळी ती स्टुलावर बसली आणि तिने सांगितलं की ॲम्प्लिफायर तिच्यासाठी नाहीच. तिचा नवरा नारायण, आख्खा कोळीवाडा त्याला नाखवा म्हणायचा, स्वतःच्या होडीवर तीस वर्षं गेलेला माणूस. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात, उजवा पाय गेला. तो दिवसभर पलंगावर. ही सकाळी त्याचं सगळं आवरून, गाणी लावून बाजाराला निघते ती संध्याकाळी परतते.

‘नव-साडेनवाला तो बंद झाला का मंग दिसभर नुसते आढ्याकडं बघत पडतात. उठून बटन कोन दाबल?’

मला वाईट वाटलं. मी दोन म्हातारे कपॅसिटर बदलले, काही न वाजवता उभा असताना तो किती करंट खातो तो बेतात आणला, आणि अख्खा दिवस चालवला. दुसऱ्या दिवशीही चालवला. बाजूच्या किराणावाल्याने जाहीर केलं की हा तुमच्या दुकानातला सगळ्यात निरोगी प्राणी आहे.

तिसऱ्या वेळी ती आली तेव्हा पाटी टेकवताना काही बोलली नाही. तिच्या या न बोलण्याचा मला राग आला. राग तिचा नव्हता, त्या यंत्राचा होता. इतक्या वर्षांची विद्या आणि हे धूड माझ्या टेबलावर गात होतं आणि मोऱ्याला जाऊन मला खोटं पाडत होतं. मी डोकं चालवलं. यंत्र चांगलं, पेस्ट नवी, स्पीकर दोनच, म्हणजे ते थर्मलचं बटणच म्हातारं होऊन वेळेआधी तोडत असणार. असं होतं कधीकधी. पण त्या मापाचं बटण पनवेलमध्ये मिळेना, मुंबईहून मागवायला हवं होतं.

‘आठ दिवस लागतील,’ मी म्हणालो.

‘आठ दिस?’ ती म्हणाली.

मग मी जे केलं त्याला आमच्या धंद्यात ‘डायरेक्ट करणं’ म्हणतात. थर्मलच्या दोन पायांमध्ये बोटभर तारेचा तुकडा डाग देऊन जोडला. आता तो कितीही तापला तरी बंद पडणार नव्हता. हे काम वाईट कारागीर सर्रास करतात आणि चांगले कारागीर कधीतरी, ‘तात्पुरतं’ म्हणून करतात. मी स्वतःला दुसऱ्या गटात धरायचो. ‘आता आठ दिवस चालेल, पार्ट आला की फोन करतो, तेव्हा घेऊन या,’ एवढंच मी तिला सांगितलं. आत काय केलंय ते सांगितलं नाही. सांगून तिला काय कळणार, असं मला वाटलं. ती खूश होऊन गेली.

दुसऱ्या दिवशी नवाच्या सुमाराला मी दुकान उघडलं आणि मागचं दार ढकललं, तर कट्ट्यावर बाजारातलं एक मांजर. ते कट्ट्याच्या फटीत तोंड घालून काहीतरी वेचून वेचून खात होतं. मी हाकललं, ते दोन पावलं सरकून परत आलं. एवढं काय आहे तिथे, म्हणून मी चष्मा लावून वाकलो.

फटीत जवळा होता. बारीक कोळंबीसारखा असतो तो, सुकवलेला. दहा-वीस दाणे असतील, पण पांढरट-गुलाबी नाहीत, तपकिरी. एक बोटात धरून चुरला तर खुसखुशीत. भाजलेला होता.

मी तसाच उकिडवा बसून राहिलो. पाटीतला जवळा ॲम्प्लिफायरच्या आत जाणार नाही, तो लुगड्यात आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला असायचा. गेलाच तरी भाजला जाणार नाही. हा वरून, पत्र्याच्या खाचांतून आत पडला होता, यंत्र गरम असताना पडला होता, आणि मी तीनदा तो ब्लोअरने धुळीबरोबर उडवून दिला होता. पावसाळ्यात जवळा सादळतो. पूर्वी प्रत्येक कोळ्याच्या घरात चुलीच्या वर एक फळी असायची, तिच्यावर सुकट गरम आणि कोरडं राहायचं. आता घरोघरी गॅस आला. हिराबाईच्या घरात गरम होणारी एकच जागा उरली होती.

तिने कापड घातलं नव्हतं. सूप ठेवलं होतं. बांबूचं सूप, त्यात बहुतेक वर्तमानपत्र, त्यावर जवळा, बरोबर हवेच्या खाचांवर. थर्मलचं बटण म्हातारं वगैरे काही नव्हतं. ते बिचारं गेले कित्येक दिवस रोज सकाळी त्या घराला वाचवत होतं, आणि आदल्या दुपारी मी त्याचं तोंड बंद केलं होतं. आतमध्ये पलंगावरून उठू न शकणारा माणूस.

अशा वेळी बहुतेकदा काय होतं, तर ट्रान्झिस्टर जळतात, फ्यूज उडतो आणि वास सुटतो. पण ‘बहुतेकदा’ हा शब्द टेबलावर बसून वापरायचा असतो. वर कागद आणि बांबू असेल तर मी त्या शब्दावर काही सोडणार नव्हतो.

दुकान तसंच उघडं टाकून मी मासळी बाजारात गेलो. धावत गेलो म्हणायला हरकत नाही, पोटासकट. हिराबाई आपल्या जागेवर होती.

‘ॲम्प्लिफायर लावून आलात?’

‘लावला ना सातलाच. मस्त वाजत व्हता. आता बंद नाय होत ना?’

‘त्याच्यावर जवळ्याचं सूप ठेवलंय?’

‘हां. रोजच ठेवतंय.’ तिने माझा चेहरा बघितला आणि उठून उभी राहिली. ‘काय झाला?’

‘आग लागेल. फोन करा कुणाला तरी, बटण बंद करू द्या.’

तिने शेजारणीला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. शेजारीण नातवाला घेऊन उरणला डॉक्टरकडे जाणार होती, हे तिला आठवलं. गल्लीत राहती घरं या दोघींचीच, आणि दुसरा कुणाचा नंबर तिच्याजवळ नव्हता. नाखव्याच्या उशाशी फोन नव्हता, कारण झटक्यानंतर त्याची वाचाही गेली होती. घराला बाहेरून कडी.

मी स्कूटर काढली. सुकट बाजूवालीच्या हवाली करून ती मागे बसली. घरी जाऊन न बघणारा मी, पनवेल ते मोरा, भुरभुर पावसात, मागे कोळीण घेऊन निघालो. गव्हाण फाट्याच्या पुढे कंटेनरच्या रांगा लागलेल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा स्कूटर रस्त्याच्या कडेच्या चिखलातून चालवली.

ती माझ्या पाठीमागून बोलत होती. माझ्याशी कमी, स्वतःशी जास्त.

‘मीच ठेवला. सादलतो म्हनून ठेवला. माज्याच हातानं.’

मी स्कूटर पुढच्या ट्रेलरच्या कडेने काढली.

‘दादा, तो बोलत नाय. एक शबुद नाय. डाक्टर बोलला, आता नाय बोलनार. पन गाना लागला का त्याच्यासंगं गातो. सगले शबुद येतात बघा, बराबर. म्हनून मी त्यो वाजवतंय. दिसभर त्याच्या तोंडात शबुद राहतात. त्यो बंद झाला का ह्योपन बंद.’

मी मान वळवली नाही. हेल्मेट होतं, पाऊस होता, समोर ट्रेलर होते, पण खरं कारण ते नव्हतं. ती म्हणत होती ‘माझ्याच हाताने’ आणि ते खरं नव्हतं. सूप तर ती महिनाभर ठेवत होती आणि काही झालं नव्हतं. आदल्या दिवशीपर्यंत त्या यंत्राला स्वतःला वाचवायची अक्कल होती. ती मी काढून घेतली होती, हे सांगायला पनवेल ते मोरा तासभर मिळाला आणि माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही.

‘ह्या रस्त्यानं तीनदा आनला मी त्यो डोक्यावर,’ उरणच्या अलीकडे ती म्हणाली. तक्रार नव्हती, सहज म्हणाली. मला ते तक्रारीपेक्षा जास्त लागलं.

मोऱ्याला गल्लीच्या तोंडाशी स्कूटर उभी केली. पुढे चिंचोळी वाट, जाळी वाळत घातलेली. धूर दिसत नव्हता. आवाजही येत नव्हता. वाजायला हवा होता, डायरेक्ट केलेला होता तो, आणि वाजत नव्हता. म्हणजे तो जळून गेला, एवढंच मला कळलं. हिराबाई पुढे पळाली आणि दारापाशी पोचायच्या आधीच मध्येच थबकली. मी मागून येऊन उभा राहिलो.

घरातून एका पुरुषाचा आवाज येत होता. फाटका, सुरात नसलेला. एक कोळीगीत, शब्दन् शब्द नीट.

‘गाना तर बंद हाय,’ ती हळूच म्हणाली. ‘ह्यो एकलाच गातोय.’

तिने कडी काढली. नाखवा पलंगावर उशीला टेकून खिडकीकडे तोंड करून गात होता. आम्हाला बघून तो थांबला आणि डाव्या हाताने वर पंख्याकडे बोट दाखवलं. पंखा बंद होता.

लाईट गेली होती.

पावसाळ्यात लाईट जाण्यावरून मी उभ्या आयुष्यात जेवढ्या शिव्या दिल्या असतील त्या सगळ्या मी त्या क्षणी मनातल्या मनात परत घेतल्या. मी सरळ खिडकीशी गेलो आणि आधी प्लग उपटला. मग सूप उचललं. खालचा पत्रा अजून हात ठेवू देत नव्हता, म्हणजे लाईट जाऊन फार वेळ झाला नव्हता. सुपाच्या बुडाशी बांबू काळवंडला होता आणि वर्तमानपत्राच्या मधोमध ताटलीएवढा तपकिरी डाग पडला होता. हात लावला तर त्याचा भुगा झाला. मी तो कागद दोघांना दाखवला नाही, घडी करून खिशात घातला. प्लग उपटून दोन मिनिटं झाली नसतील तोच वर पंखा कुरकुरला आणि फिरायला लागला.

मी खाली लादीवर बसलो. एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. हसू की रडू कळत नव्हतं, बहुतेक दोन्ही थोडं थोडं केलं.

हिराबाई पलंगाशी बसून नवऱ्याचा निकामी हात चोळत होती आणि तेच ते म्हणत होती. ‘मीच मारत व्हतं तुमाला. माज्या जवल्यापायी.’

आता मात्र मला ते ऐकवेना.

‘मावशी, तुमची चूक नाही,’ मी म्हणालो. ‘तो तापल्यावर बंद व्हायचा ना, ते बरोबरच होतं. त्याच्या आत वाचवणारं एक बटण होतं. काल मीच ते काढून टाकल्यासारखं केलं. आणि तुम्हाला सांगितलं नाही. आग लागली असती तर माझ्यामुळे लागली असती.’

तिने हात चोळायचा थांबवला. मी वाट बघत होतो, ती ओरडेल, शिव्या देईल. कोळणीच्या शिव्या काय असतात ते बाजारपेठेत आयुष्य काढलेल्या माणसाला सांगायला नको. मी त्यांची तयारी ठेवून बसलो होतो.

‘मना काय सांगता?’ ती शेवटी म्हणाली. ‘मी घरात नवतं. त्यांना सांगा.’

मला हे सुचलंच नव्हतं. तीन आठवडे मी त्या माणसाच्या ॲम्प्लिफायरवर काम करत होतो, आत्ता त्याच्या पलंगापासून हातभर अंतरावर बसून त्याच्या जिवाबद्दल बोलत होतो, आणि बोलत होतो बायकोशी. वाचा गेली म्हणजे कानही गेले, असं मी धरून चाललो होतो.

मी उठून त्याच्यासमोर स्टुलावर बसलो. ‘नाखवा’, अशी हाक मारली आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून. धूळ, पेस्ट, थर्मल, तारेचा तुकडा. घरी यायला हवं होतं, आलो नाही, हेही सांगितलं. खिशातला कागद काढून त्याच्या मांडीवर ठेवला. माफी मागितली. त्याने सगळं ऐकून घेतलं. डाव्या हाताने तो कागद उलटा करून बघितला. मग मान वर केली आणि माझ्या मागे ॲम्प्लिफायरकडे बोट दाखवलं. मला कळलं नाही. त्याने पुन्हा बोट दाखवलं, या खेपेला जरा चिडून, नवीन खलाशाला दाखवावं तसं.

‘लावा, बोलतात,’ हिराबाई म्हणाली. ‘बाकीचा राहू द्या.’

माझ्याकडे हत्यार म्हणून खिशातला टेस्टर. त्याने वरच्या पत्र्याचे स्क्रू काढले, आणि आतली ती बोटभर तार हिराबाईच्या मासे कापायच्या सुरीच्या टोकाने उचकटून तोडली. थर्मल परत कामाला लागलं. पत्रा बसवला, यंत्र भिंतीपासून पुढे घेतलं, प्लग लावला. जवळा ठेवायला दुसरी जागा हवीच होती. म्हणून ॲम्प्लिफायरच्या वर हातभर उंचीवर खिडकीच्या गजाला दोरीने एक फळी बांधली आणि सूप तिच्यावर ठेवलं. वर ऊब लागते, खाली हवा लागते. चुलीवरच्या फळीसारखीच, फक्त चूल जपानी.

नेहमी अडीच तासांनी बंद पडायचा, म्हणून मी चार तास बसलो. दर थोड्या वेळाने उठून पत्र्यावर हात ठेवायचो. कोमट, नुसता कोमट. ‘टक्’ काही आलं नाही. दुकान उघडं होतं, जेवण झालं नव्हतं, आणि मला कशाचंही काही वाटत नव्हतं. नाखवा गाण्याबरोबर गात होता. मधे एकदा मला वाटलं मला ते गाणं येतं, म्हणून मीही तोंड हलवायला लागलो आणि एका ओळीत चुकलो. त्याने गाता गाताच डावा हात वर करून मला थांबवलं, ती ओळ एकट्याने बरोबर म्हटली, आणि मग पुढे जायला परवानगी दिली.